लॉन उखडायचं की माती सुधारायची? कोथरूडमधल्या एका अंगणाचं प्रकरण

पुण्यात कोथरूडला, टेकडीच्या उतारावरच्या एका बंगल्यापुढे साधारण ८०० चौरस फुटांचं लॉन आहे. जात 'सिलेक्शन वन', म्हणजे आपल्या हरळीचाच निवडून वाढवलेला बारीक पानाचा प्रकार. नर्सरीतून कार्पेटचे तुकडे आणून अंथरलेलं. पहिली दोन वर्षं ते सुरेख होतं. नंतर दर वर्षी थोडं थोडं बिघडत गेलं. पावसाळ्यात मधोमध पाणी साचायचं, एप्रिलमध्ये सकाळी पाणी दिलं तरी दुसऱ्या दिवशी पानं गुंडाळलेली दिसायची. कोवळी पानं पिवळी, कडेने लव्हाळा, फाटकाजवळ टणक टक्कल.

एका कंत्राटदाराने उपाय सांगितला: सगळं उखडा, नवी लाल माती टाका, नवं कार्पेट अंथरा. बंगला माझ्या मावशीचा आणि बागकाम हा माझा व्यवसाय, त्यामुळे तिने फोन केला. "अगं, एकदा येऊन बघ. उखडायलाच हवं असेल तर उखडू. पण तीन वर्षांनी परत हेच होणार असेल तर कशाला?"

तिने विचारलेलं अगदी नेमकं होतं. जे लॉन चांगलं लागलं आणि मग खालावत गेलं, त्याचा दोष गवतात नसतो. गवत नवं आणलं तरी ते त्याच जमिनीवर पडणार. म्हणून आधी जमीन पाहायची ठरवली.

खाली काय सापडलं

लॉनच्या मध्यावर वीतभर लांबी-रुंदीचा चौकोन तीन बाजूंनी खुरप्याने कापला, कुदळीने उचलला आणि उलटा करून पाहिला. लॉनची तक्रार घेऊन कोणी आलं की मी हे सगळ्यात आधी करते. तुकडा परत बसवून, पायाने दाबून पाणी दिलं की आठवड्यात जागा ओळखूही येत नाही.

वर अर्धा इंच जाडीची जुन्या काड्यांची आणि मुळांची गादी. तिच्याखाली जेमतेम तीन इंच लाल माती, तीही थराथराची. नीट पाहिलं तर दर वर्षी टाकलेल्या मातीच्या रेषा दिसत होत्या. त्याखाली एकदम मुरूम, आणि मुरमात विटांचे तुकडे, प्लास्टरच्या ढेपा, बांधकामाचं जे काही उरलं ते सगळं. गवताची मुळं लाल मातीच्या तळापर्यंत आलेली आणि तिथे आडवी वळलेली. मुरमात एकही पांढरं मूळ नव्हतं.

मुरमावर आणि प्लास्टरच्या तुकड्यांवर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाकलं, तर बुडबुडे आले. म्हणजे चुना भरपूर. नंतर माती तपासून घेतली. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ८ च्या वर आणि सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या खाली. पुण्यातल्या बंगल्यांच्या अंगणात हे नवल नाही. प्लॉट सपाट करताना भराव मुरमाचा होतो, वर राडारोडा पसरतो आणि शेवटी दोन-तीन इंच मातीने ते झाकलं जातं.

मावशीकडे वर्षानुवर्षं येणारे मालीकाका म्हणाले, "ताई, खाली मुरूम आहे, निचरा चांगलाच होणार. पाणी साचतं ते पाऊस जास्त झाला म्हणून." मुरमाचा निचरा चांगला असतो हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण पाणी मुरमापर्यंत पोचलं तरच ना! बारीक कणांची चिकट माती वर आणि भरड मुरूम खाली असला, की वरची माती जवळजवळ पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खालच्या थरात उतरत नाही. बारीक मातीतली सूक्ष्म छिद्रं पाणी धरून ठेवतात, खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते ओढलंच जात नाही. म्हणून पावसाळ्यात गवताची मुळं तीन इंचांच्या चिखलात गुदमरतात. उन्हाळ्यात त्या तीन इंचांत पाण्याचा साठाच मुळी तुटपुंजा, तो एका दिवसात संपतो. साचणं आणि सुकणं या दोन्ही तक्रारींचं कारण एकच होतं.

पिवळेपणाचंही तसंच. जुनी पानं हिरवी, नवी पानं शिरांमध्ये पिवळी, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे सामू चढला की गवताला ते घेता येत नाही. मालीकाका पिवळं दिसलं की युरिया देत होते. आठवडाभर हिरवं दिसायचं, परत तेच.

दर वर्षीच्या लाल मातीने काय केलं

पुण्यात जुनी रीत आहे: मे महिन्यात लॉनवर लाल माती आणि शेणखत पसरायचं, मग पावसाची वाट पाहायची. माती पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून ट्रकने येते. तिचा रंग लोकांना आवडतो आणि 'लाल माती म्हणजे बागेची माती' ही समजूत पक्की आहे. पण ती बहुतेक वेळा चिकण असते, सेंद्रिय अंश फारच कमी, आणि ओली असताना तिच्यावर चाललं की घट्ट बसते. दर वर्षी एक थर, दर वर्षी एक नवी रेषा. मावशीच्या लॉनची पातळी इतकी चढली होती की पोर्चच्या फरशीपेक्षा ते वर आलं होतं आणि जोराचा पाऊस झाला की लाल पाणी थेट दारापर्यंत यायचं.

शेणखताचा भाग वेगळा. कुजलेलं शेणखत उत्तम. पण गोठ्यातून थेट आलेलं, आतून अजून गरम असलेलं शेणखत तणाचं बी घेऊन येतं. शिवाय अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणी वाढते. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात, त्यांची ही अळी. ऊस आणि भुईमूग करणाऱ्यांना तिची चांगली ओळख आहे. लॉनमध्ये ती मुळं खाते, आणि मग गवत हाताने ओढलं तरी सुटून येतं. मावशीच्या अंगणात फाटकाजवळ दोन-चार अळ्या सापडल्या. त्या वेचल्या, फवारणी केली नाही. चार अळ्यांसाठी नातवंडं खेळतात त्या जागेवर विष टाकायचं मला पटत नाही.

ठरवलं काय

गवत ठेवायचं आणि माती वरून सुधारायची. म्हणजे पुरतं कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट गवतावर अगदी पातळ पसरायचं, आधी जमिनीला भोकं पाडायची आणि ते त्यांतून खाली जाऊ द्यायचं. एक वर्ष नाही, निदान दोन-तीन वर्षं.

हे का चालतं, ते सांगायला हवं, कारण अनेकांना वाटतं की वर टाकलेलं खत वरच राहणार. तसं होत नाही. थोडा भाग पाण्याबरोबर भोकांत उतरतो. बराचसा गांडुळं आणि इतर जीव खाली ओढून नेतात. त्यांनी पाडलेली बिळं हाच पाण्याचा आणि हवेचा नवा मार्ग बनतो. कंपोस्टमधल्या जिवाणूंनी आणि बुरश्यांनी तयार केलेल्या चिकट पदार्थांमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना धरतात, त्यांची रवाळ घडण होते, आणि चिकण माती पाणी आत घेऊ लागते. वरची काड्यांची गादीही याच जिवांमुळे कुजायला लागते. सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे चुनखडीच्या जमिनीतही गवताला ते थोडं जास्त मिळतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या: कंपोस्टने गवताचं सगळं पोट भरत नाही. हिशेब करून पाहा. ८०० चौरस फूट म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. त्यावर ६ मिलिमीटरचा थर द्यायला सुमारे ४४५ लिटर कंपोस्ट लागतं. वजन २४० किलोच्या आसपास. त्यातलं पाणी वजा केलं तर कोरडं १७० किलो उरतं. नत्र एक टक्का धरला तर १.७ किलो. पण तो सेंद्रिय रूपात बांधलेला असतो, पहिल्या वर्षात फार तर पाचवा हिस्सा सुटतो, म्हणजे ३४० ग्रॅम. हरळीच्या लॉनला माफक हिरवेपणासाठीही वर्षाला चौरस मीटरला दहा ग्रॅम नत्र लागतो, म्हणजे इथे ७४० ग्रॅम. उरलेला भाग कुठून तरी यायला हवा. त्यातला बराचसा कापलेलं गवत तिथेच राहू दिलं तर मिळतो, थोडा खतातून द्यावा लागतो. जो विक्रेता 'एकदा कंपोस्ट टाका, मग काहीच नको' असं सांगतो, तो लोकांची निराशा करतो आणि मग दोष कंपोस्टला येतो.

वाळू मिसळायची का, हाही प्रश्न निघाला. गोल्फच्या मैदानांवर वाळू पसरतात, तिथे खालची जमीनही वाळूचीच बांधलेली असते. घरच्या चिकण मातीवर वाळूचा थर म्हणजे आणखी एक रेषा, आणखी एक अडथळा. त्यात नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून मिळते ती क्रश सँड. तिच्यातली दगडाची भुकटी भोकं बुजवते. वाळू नको, हे लगेच ठरलं.

कोणतं कंपोस्ट

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा. पातळ थर घरी कुणीही पसरू शकतं. वाईट कंपोस्ट पसरलं तर मात्र ते परत उचलता येत नाही.

गोठ्यातलं शेणखत आधीच बाद झालं होतं. दुकानातलं गांडूळखत चांगलं होतं, पण एवढ्या जागेला पिशव्यांच्या हिशेबाने ते फार महाग पडत होतं. जवळच्या एका मोठ्या सोसायटीने ओल्या कचऱ्याचं खत फुकट देऊ केलं. दिसायला तपकिरी, कोरडी, छान भुकटी. चौकशी केली तर ते एका दिवसात खत करणाऱ्या यंत्रातून आलेलं. हे नीट समजून घ्या, कारण अशी यंत्रं आता पुष्कळ सोसायट्यांत आहेत. अन्न तापवून, वाळवून, दळून एका दिवसात जे बाहेर पडतं ते कंपोस्ट नसतं. तो वाळलेला कचरा असतो. त्यावर पाणी पडलं की कुजणं तिथून पुढे सुरू होतं, तापतं, वास मारतं, माश्या येतात. स्वयंपाकातलं मीठ आणि तेल जसंच्या तसं. तीच भुकटी पाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने खड्ड्यात मुरवली तर उपयोगी पडते. लॉनवर थेट टाकली तर गवत जळतं.

शेवटी दुसऱ्या एका सोसायटीच्या मागच्या हौदातलं खत घेतलं. पाचोळा आणि स्वयंपाकघरातला कचरा थराथराने घालून केलेलं, आणि उपसल्यावर बरेच महिने ढिगात तसंच पडून राहिलेलं. तिथल्या सफाई करणाऱ्या मावशी रोज कचरा निवडून घालत होत्या, त्याचा फरक हातात घेतल्यावर कळत होता.

तरीही तपासलं. मूठभर ओलसर कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवलं. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर ते अजून कच्चं. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर झालं. दुसरी परीक्षा अळिवाची. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती निम्मं कंपोस्ट, दोन्हींवर सारखंच अळीव पेरलं. प्रयोगशाळाही कंपोस्टची परिपक्वता पाहायला याच बियाचा वापर करतात, कारण ते चटकन रुजतं आणि विषारी अंशाला फार हळवं असतं. लाडवांसाठी आणलेलं अळीव प्रत्येक घरात असतंच. तीन-चार दिवसांत दोन्ही कुंड्यांत सारखंच दाट उगवलं, कोंबांची टोकं करपलेली नव्हती. खारटपणाही मोजून घेतला. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी विद्युतवाहकता (क्षारांचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त नसावी आणि ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जावा, असा निकष आहे. फुकट मिळणाऱ्या खताला कुणी तो लावत नाही, पण आपण लावावा. चाळण लावण्यात आणखी एक मुद्दा होता: लॉनवर अनवाणी चालतात. चाळणीवर काचेचे तुकडे, ब्लेडचा एक तुकडा, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे राहिले.

थोडं अवांतर. कंपोस्ट हा आपल्याकडे बाहेरून आलेला शहाणपणा नाही. इंदूरला, होळकरांच्या राज्यात, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ज्या पद्धतीवर काम केलं ती १९३१ साली पुस्तकरूपाने जगासमोर आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पंढरीपांडे यांची नाडेप पद्धत तर गावोगावी माहीत आहे. विटांच्या भिंतीत फटी ठेवून बांधलेला हौद, पाचोळा, शेणकाला आणि मातीचे थर, साडेतीन-चार महिन्यांत खत. असं असताना दर हिवाळ्यात सकाळी गल्लीगल्लीत पाचोळ्याचे ढीग पेटलेले दिसतात. घनकचरा नियमांनी उघड्यावर जाळायला बंदी आहे. पण बंदीपेक्षा मला वाईट वाटतं ते या गोष्टीचं, की त्याच गल्लीतली लॉनं कर्बाविना टणक झालेली असतात.

वेळ

मालीकाकांना मे महिना हवा होता. "ताई, पाऊस पडायच्या आत टाकलं की पावसाबरोबर मुरतं, आम्ही आजवर असंच केलंय." मी त्यांना सुचवलं की गवत धावायला लागल्यावर टाकू. मे महिन्यात हरळी उन्हाने थकलेली असते, वरून गडद रंगाचा थर तापतो, आणि वळवाचा एखादा जोरदार पाऊस आला तर सगळं वाहून गटारात. जूनच्या अखेरीस, दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेल्यावर, गवत रोज वाढताना दिसतं. तेव्हा टाकलेल्या थरातून ते आठवड्यात वर येतं. उघडीप पाहायची, जमीन ओलसर पण चिखल नाही अशी. काकांना हे पटलं, कारण चिखलात भोकं पाडता येत नाहीत हे त्यांनाच सगळ्यात आधी ठाऊक होतं.

हे वेळापत्रक पुण्याचं. कोकणात आणि गोव्यात जून-जुलैचा पाऊस एवढा असतो की पातळ थर जागेवर राहणार नाही, तिथे ऑगस्टच्या अखेरीपर्यंत थांबावं. इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या अंगणात थंडीत वाढणारी गवतं असतात, राय आणि फेस्क्यू. त्यांच्यासाठी योग्य वेळ शरदाची सुरुवात, म्हणजे सप्टेंबर. गवत जोमाने वाढत असताना टाकायचं, एवढं सगळीकडे लागू.

काम

आधी पोर्चची कड. तिथे पातळी उतरवल्याशिवाय वर काहीही टाकणं चुकीचं होतं. दीड फुटांची पट्टी गवतासकट सोडवली, खालची लाल माती काढली, मुरूम टिकावाने मोकळा केला, त्यात कंपोस्ट मिसळलं आणि तीच पट्टी परत बसवली. आता लॉनची कड फरशीच्या बोटभर खाली आहे.

मग गवत दोन टप्प्यांत कापून एक इंचावर आणलं. एकदम खाली कापलं तर नुसत्या काड्या उरतात. लोखंडी पंजाने उभं-आडवं ओढून सुटलेल्या काड्या काढल्या.

भोकांसाठी पोकळ दातांचं, पायाने दाबायचं अवजार वापरलं. पहारीने किंवा खिळ्यांच्या चपलांनी भोक पडतं, पण माती बाजूला दाबली जाते आणि भोकाची भिंत आणखी घट्ट होते. पोकळ दात मातीची गुंडाळी बाहेर काढतो, आणि तिथे खरी मोकळी जागा तयार होते. चार-चार इंचांवर, तीन इंच खोल, म्हणजे लाल मातीच्या पार मुरमाच्या तोंडापर्यंत. ती सीमा तोडणं हाच उद्देश होता. कष्टाचं काम आहे. काका आणि त्यांच्या मुलाचा सबंध दिवस त्यात गेला. बाहेर आलेल्या लाल मातीच्या गुंडाळ्या झाडून उचलल्या आणि मागच्या केळीला घातल्या.

पसरण्यासाठी सुतळीने पाच बाय पाच फुटांचे चौकोन आखले. आमच्या घमेल्यात साधारण १४ लिटर मावतं, आणि एका चौकोनाला एक घमेलं म्हणजे सहा मिलिमीटरचा थर. एकूण बत्तीस घमेली. कंपोस्ट हाताला कोरडं, भुरभुरीत हवं. ओलं असलं तर पानांना चिकटतं आणि भोकांत पडत नाही. लाकडी दांड्याच्या पाठीने पसरलं, मग खराट्याने उभं-आडवं झाडलं, म्हणजे पातं मोकळं होतं आणि खत बुडाशी जातं.

काकांना हा थर फारच थोडा वाटला. "एवढ्याने काय होणार, अजून दहा घमेली टाकू." सगळे इथेच चुकतात. पसरून झाल्यावर पातीची टोकं दिसलीच पाहिजेत, निम्म्याहून जास्त पातं झाकलं गेलं तर थर जाड झाला. फाटकाच्या कोपऱ्यात एक उरलेलं घमेलं तसंच उपडं झालं आणि त्याच रात्री पाऊस आला. तिथला इंचभर थर ओला होऊन बसला, खालचं गवत चार दिवसांत पिवळं पडलं. खराट्याने मोकळं करून जास्तीचं उचलल्यावर ते सावरलं, पण बाकीच्या लॉनपेक्षा महिनाभर मागे राहिलं. काकांनी त्यानंतर जाडीचा विषय काढला नाही.

पुढे काय झालं

पहिल्या आठवड्यात लॉन काळपट दिसत होतं आणि मावशी काळजीत होती. मग पाती वर आली. जुलैत छोट्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. "अगं, हा रोग तर नाही ना?" कुजलेल्या काड्यांवर काम करणाऱ्या बुरशीच्या त्या छत्र्या, गवताला अपाय नाही. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून झाडून टाकल्या, एवढंच.

लव्हाळा कंपोस्टने गेला नाही, जाणारही नव्हता. त्याच्या गाठी खोल असतात. गवत दाट झालं की नवीन कोंबांना ऊन कमी मिळतं, पण जुने कोंब खुरप्याने गाठीसकट काढत राहावेच लागतात. दुधी आणि घोळ ही तणं मात्र खूप कमी झाली, कारण उघडी जमीनच उरली नाही.

युरिया बंद केला. जुलैत आणि सप्टेंबरमध्ये अमोनियम सल्फेट, दर वेळी साधारण ९०० ग्रॅम, वाळूत मिसळून पूर्ण लॉनवर, आणि लगेच पाणी. चुनखडीच्या जमिनीत ते बरं, कारण थोडी आम्लता देतं. पिवळेपणावर हिराकसाची (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) फवारणी, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी. फरशीवर शिंतोडे उडाले तर तांबडे डाग पडतात आणि ते जात नाहीत, म्हणून कडेला जुनी चादर अंथरली. कापलेलं गवत जागेवरच राहू दिलं, मात्र कापणी वेळच्या वेळी, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात पहिला खरा पुरावा दिसला. आधी रोज पाणी लागायचं, आता एक दिवसाआड भरपूर देऊन भागत होतं. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत दाबून त्यात इंचभर पाणी ओतलं. पूर्वी ते बराच वेळ तसंच उभं राहायचं, आता डोळ्यांदेखत उतरत होतं. फेब्रुवारीच्या अखेरीस, थंडी ओसरल्यावर, निम्म्या जाडीचा दुसरा थर दिला. पुढच्या पावसाळ्यात मधोमध पाणी साचलं नाही. तुकडा उचलून पाहिला तेव्हा वरचा दीड इंच काळसर, रवाळ झालेला होता आणि भोकांच्या जागी पांढरी मुळं मुरमात शिरली होती.

आंब्याखालचा भाग मात्र सुधारला नाही. कंपोस्ट तेवढंच, भोकं तेवढीच, पण हरळीला सहा ते आठ तास ऊन लागतं आणि तिथे दोन तासही येत नाही. मावशीला तिथेही लॉनच हवं होतं. आंब्याच्या फांद्या छाटायला ती तयार नव्हती, आणि मीही आग्रह धरला नाही, तो आंबा मालीकाकांनी लावलेला आहे. तिथलं गवत काढून मोंडो ग्रास लावलं. ते सावलीत खुशाल वाढतं, कापावं लागत नाही, आणि आंब्याच्या मुळांशी खणाखणीही होत नाही.

आता बाहेरून कंपोस्ट आणायचं नाही असं ठरलं आहे. मागच्या बाजूला चार बाय तीन फुटांचा, तीन फूट उंच, फटी ठेवलेला विटांचा हौद बांधला आहे. आंब्याचा पाचोळा, घरचा ओला कचरा आणि शेणकाल्याचे थर काका स्वतः घालतात. हौद ३६ घनफुटांचा. कुजून तिसरा हिस्सा, म्हणजे बारा घनफूट, हाताला लागतं. चाळून त्यातलं आठ घनफूट उरलं तरी ८०० चौरस फुटांवर तीन मिलिमीटरचा थर बसतो, आणि यापुढे वर्षाला तेवढाच द्यायचा आहे.